न सुटणारा स्क्रू

एखाद्या माणसाचा ‘स्क्रू ढिला आहे’ असे आपण सहज बोलून जातो. पण ढिला स्क्रू हा काही मोठा ताप नव्हे. आवळला की काम भागले. खरा छळ मांडतो तो न सुटणारा स्क्रू. त्याच्या डोक्यावरची खाच घासून गुळगुळीत झालेली असते, स्क्रू-ड्रायव्हर नुसता गरगर फिरतो, आणि स्क्रू मात्र दिवाळसणाला रुसून बसलेल्या जावयासारखा जागचा हलत नाही. स्क्रूला आपल्याकडे मळसूत्र असा झकास शब्द आहे. पण अशा वेळी तोंडून जे शब्द निघतात ते या अंकात छापता येणार नाहीत!

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांचा ज्यांना नाद आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. या गाड्यांत दोन जाती असतात. एक, मोडली की टाकून द्यायची. दुसरी हौशी लोकांची : सुट्या भागांतून स्वतः जोडायची, बिघडली की उघडायची, दुरुस्त करून पुन्हा पळवायची. जपानच्या तामिया कंपनीने रेडिओवर चालणारी आपली पहिली गाडी, पोर्शे ९३४, काढली ती १९७६ साली. अशा गाडीची अर्धी मौज ती उघडण्यात असते. म्हणून एक स्क्रू अडला की सगळाच खेळ अडतो.

आमच्या महाड-पोलादपूरकडे तर गंज हा घरातलाच माणूस. त्यात २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. त्या दुःखापुढे खेळण्याची कथा ती काय! तरीही पाणी ओसरल्यावर माणसे चिखलातून आपला संसार वेचू लागली, तेव्हा शिलाई यंत्र म्हणा, पंखा म्हणा, मिक्सर म्हणा, वाचवायचे तर आधी उघडायला हवे होते.

माझा एक विद्यार्थी पोलादपूरचा. त्याची गाडी त्या दिवसांत महाडला आजीकडे होती. वडील आखाती देशात नोकरीला. ते रजेवर आले असताना बापलेकांनी आठ दिवस बसून ती जोडली होती. घरच्यांनी ती भंगाराच्या ढिगात टाकली, याने ती उचलून माझ्याकडे आणली. तीन स्क्रू अडले होते. स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊन तो म्हणाला, “सर, जोर लावू का?”

“जोर नको रे बाबा, दाब लाव.”

या फरकातच सारी विद्या आहे. चौफुलीसारख्या खाचेचा स्क्रू अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी पुढे आणला; त्यांची पेटंटे १९३६ सालची. या खाचेच्या भिंती उतरत्या असतात. त्यामुळे नुसता पिळण्याचा जोर पडला की हत्याराचे टोक वर सरकते आणि सरकताना खाचेच्या कडा खाते. जुन्या जपानी स्क्रूंची खाच दिसायला हिची जुळी बहीण, पण घडण थोडी निराळी. तिच्यात फिलिप्सचे टोक पुरते बसत नाही. गाडी जपानी आणि हत्यार घरातल्या खणातले, मग खाच जाणार नाही तर काय?

तेव्हा उपचार पायरीपायरीने करावेत. आधी बॅटरी बाहेर काढावी. पुरात बुडालेली लिथियमची बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. मग खाचेतला चिखल सुईने कोरून काढावा, तेलाचा एकच थेंब सोडावा आणि रात्रभर वाट पाहावी. नेमक्या मापाचे हत्यार सरळ उभे धरून बारा आणे दाब आणि चार आणे पीळ द्यावा. आमचा पहिला स्क्रू निघाला तो खाच आणि हत्यार यांमध्ये रुंद रबर बँडचा तुकडा धरून. दुसऱ्याचे डोके वर आलेले होते. त्यावर करवतीच्या पात्याने आडवी चीर पाडली आणि चपट्या टोकाच्या स्क्रू-ड्रायव्हरने तो काढला.

तिसरा वडिलांनी आवळलेला. खाच षट्कोनी, आणि गाडीच्या हादऱ्याने ढिला पडू नये म्हणून आट्यांना निळा डिंक लावलेला. हा डिंक तापवल्यावर नरमतो. सोल्डरिंगचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवले, मग किंचित मोठ्या, चांदणीच्या आकाराच्या टोकाची बिट हलक्या हाताने ठोकून बसवली. एक बारीक ‘कट्’ झाले आणि स्क्रू फिरला. तोही हटला असता, तर ड्रिलने त्याचे डोकेच उडवणे भाग होते.

आतली विजेची मोटर गेलेली होती. दात्यांची चाके मात्र शाबूत निघाली. पोराने रात्री वडिलांना फोन करून सांगितले ते एवढेच, “उघडली, बाबा. मोटर नवी लागेल.”

नवे स्क्रू लावताना त्याला एक युक्ती दाखवली. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू आधी उलटा फिरवावा. तो जुन्या आट्यात टक्कन बसला की मगच आवळावा, आणि तोही बेताने. घट्ट आवळण्यात पुष्कळांना पुरुषार्थ वाटतो. पण जी वस्तू टिकावी असे वाटते ती कधीतरी कोणाला उघडावी लागणारच; त्या माणसाची आठवण ठेवून हात आखडता घ्यावा.

दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याच्या काट्यावर काही चढवण्यापूर्वी, वाचकहो, एकदा त्याचे स्क्रू तपासा. वस्तू गेलेली नसेलही. नुसती अडलेली असेल.