झूमचा आकडा

शेजारच्या वहिनी या आठवड्यात लेकीच्या अरंगेत्रमसाठी, म्हणजे नाचाच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमासाठी, कॅमकॉर्डरची दोन माहितीपत्रकं घेऊन आल्या आणि त्यांचं बोट थेट झूमच्या आकड्यावर! तो आकडा आधी बाजूला ठेवा. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं खरोखर सरकतात. डिजिटल झूम आहे तेच चित्र कापून ताणतो, मग नथीच्या जागी चौकोनांची रांगोळी दिसते. पहिल्यांदा सेन्सर बघायचा. सोनीच्या सीएक्स ४०५ला ऑप्टिकल झूम ३० पट, पण सेन्सर १/५.८ इंच वर्गातला, म्हणजे अगदी छोटा. उन्हातल्या क्रीडास्पर्धांना झकास, सभागृहातले दिवे मंदावले की मात्र काळ्या पडद्यावर दाणे नाचू लागतात. आणि बाहेरचा माइक जोडायची सोय? या मॉडेलला ती नाही. मृदंग आणि झांजांचं नट्टुवांगम दहाव्या रांगेतून कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतलं, तर शेजारच्या खुर्चीतलं वेफर्सचं पाकीट आधी ऐकू येणार. चित्र थोडं मऊ आलं तरी चालतं, आवाज गेला की नाच गेला. म्हणून मी झूम सोडीन, मेगापिक्सेल सोडीन, माइकची खाच सोडणार नाही. वहिनी, आपलं मेमरी कार्ड घेऊन दुकानात जा, टेबलाखालच्या अंधारात मिनिटभर रेकॉर्ड करा, घरच्या टीव्हीवर बघा आणि मगच भाव करा.