इतिहासाच्या शिक्षकाची परीक्षा

पदवी, २०१५पासून दोन वर्षांचे झालेले बीएड आणि मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा. सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाची वाट काही लहान नाही. सहावी ते आठवीसाठीच्या टीईटीत १५०पैकी ६० गुण सामाजिक शास्त्रांचे, हे ठीकच. पण राज्याच्या ‘पवित्र’ पोर्टलवरची शिक्षक भरती ज्या ‘टेट’च्या, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या, गुणांवर होते, तिचे २०० प्रश्न अभियोग्यता आणि बुद्धिमत्तेचे, विषयज्ञानाची वेगळी कसोटी नाही. म्हणजे कोडी झटपट सोडवणारा पुढे, इतिहासाची साधने वाचणारा मागे!

बीएडमधल्या वीस आठवड्यांच्या आंतरवासितेचा बराच भाग पाठ टाचणे रंगवण्यात जातो. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तरीही मोडी लिपीतला एक कागद न पाहता इतिहासाचा शिक्षक होता येते. त्यातच त्याच्या गळ्यात अनेकदा भूगोलही पडतो, मग पदवीला तो शिकलेला असो वा नसो. पुराव्याशी कधी झटापट न केलेला शिक्षक मुलांना सनावळ्याच देणार, दुसरे काय?

आंतरवासितेतले निदान दोन आठवडे दफ्तरखाने, संग्रहालये आणि गावच्या जुन्या नोंदींसाठी राखावेत. ‘टेट’मध्येही विषयाचा भाग आणावा, तोही पुढच्या भरतीआधी.