उपग्रहाला पूर दिसतो, मांजर्लीतला तळमजला दिसत नाही

हिमालयात बर्फ किती क्षेत्रावर उरला, हे उपग्रह मोजतात. उल्हास नदीचा पूरही तसाच मोजता येतो. 27 जुलै 2019 रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. बदलापुरात मांजर्ली, हेंद्रेपाड्यातही पाणी शिरले. ढगांमुळे साधे छायाचित्र निरुपयोगी ठरते. रडार ढगांआरपार पाहते. संथ पाणी त्यात काळे दिसते. पण दाट वस्तीत भिंतींवरून लहरी उलटतात आणि गल्लीतले पाणी नोंदीतून सुटते. बुडालेले शेत दिसते, तळमजल्यावरचे बिऱ्हाड नाही. शिवाय उपग्रह पुन्हा वरून जाईपर्यंत पाणी ओसरलेलेही असते. म्हणून केवळ या नकाशांवर पूररेषा किंवा नुकसान ठरवणे अन्यायाचे आहे. नगरपरिषदेने घराघरांतल्या, भाडेकरूंच्या खोल्यांतल्याही, भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजून नकाशाला जोडाव्यात, रंग मारण्याआधी.