धर्मादाय खाटांचा हिशेब

रुग्णालयाच्या दारावर ‘धर्मादाय’ अशी पाटी असते. ती वाचून आपला माणूस आशेने आत जातो आणि पहिल्याच खिडकीवर त्याला डिपॉझिट विचारतात. वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही पडलो कारकून. रागावण्याआधी आम्ही वही उघडतो.

अशा रुग्णालयांना करात सवलत मिळते, कित्येकांना सरकारची जमीनही मिळालेली आहे. त्याच्या बदल्यात गरिबांना काय द्यायचे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेत लिहिलेले आहे. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. शिवाय इतर रुग्णांच्या एकूण बिलाचे २ टक्के ‘निर्धन रुग्ण निधी’ या वेगळ्या खात्यात टाकायचे.

आता २०० खाटांचे रुग्णालय धरा. निर्धनांच्या खाटा २०. वर्षाचे ३६५ दिवस गुणिले २०, म्हणजे ७,३०० दिवस. एक रुग्ण सरासरी सात दिवस राहिला, तर वर्षाला हजारावर माणसे भरती व्हायला हवीत. म्हणून ‘गरिबांवर इतके लाख खर्च केले’ एवढ्यावर आमचे समाधान होत नाही. माणसे किती, ते सांगा. आणि दारातून परत गेली किती? परत गेलेल्याचे नाव भरतीच्या रजिस्टरात येतच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

‘निधी संपला’ हे उत्तर आपल्या लोकांनी पुष्कळ ऐकले आहे. तेव्हा बिल कोणत्या दराने लावले, ते विचारावे. योजनेप्रमाणे दर सर्वात खालच्या वर्गाचा आणि औषधे रुग्णालयाच्या खरेदी किमतीला लावायची आहेत. दर दुप्पट लावला की त्याच पैशात निम्मी माणसे बरी होतात, कागदावर सेवा मात्र पूर्ण दिसते!

शिबिरांचेही तसेच. वस्तीत मंडप घालतात, डोळे तपासतात, फोटो निघतो. शिबिर वाईट नव्हे. पण मोतीबिंदू निघालेल्या म्हातारीचे ऑपरेशन झाले की नाही, हे सहा महिन्यांनी कोण बघतो?

अमेरिकेत २०१० च्या कायद्याने अशा रुग्णालयांना दर तीन वर्षांनी परिसरातल्या लोकांच्या गरजांची पाहणी करून ती जाहीर करावी लागते. न केल्यास ५०,००० डॉलर कर बसतो. तिथेही पळवाटा आहेतच. सरकारी योजनेच्या रुग्णांमागे आलेली तूट आणि डॉक्टरांच्या शिक्षणाचा खर्चही लोकसेवेत धरतात. पण आधी लोकांना विचारायचे, ही रीत आम्हाला पटते. आपल्याकडे कोणत्या वस्तीत क्षय जास्त, कुठे बाळंतिणींचे हाल, हे वस्तीतल्या बायांना तोंडपाठ असते. त्यांना कोणी विचारावे तर!

रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दुखणे येण्याआधीच काढून ठेवा. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडून भरतीसाठी डिपॉझिट मागता येत नाही. रुग्णालयात समाजसेवकाची खोली असते, आधी तिथे जावे. तिथे नकार मिळाला तर तो लेखी मागावा आणि त्याची प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावी, पोच घेऊन.