विहाराचा कॅमेरा नेमका कोणाच्या हातात?

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. असे काही घडले की पुतळ्याजवळ, विहारात सीसीटीव्ही बसवा, अशी मागणी आपण लगेच करतो. मागणी रास्तच आहे. पण घोडेगाव असो की जुन्नर, वर्गणी काढून कॅमेरे बसवताना एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: हा कॅमेरा आपल्याशिवाय आणखी कोण पाहतो?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या महिलांच्या तपासणीची दृश्ये टेलिग्रामवर विकली जात असल्याचे उघड झाले. ती रुग्णालयाच्याच सीसीटीव्हीतून चोरली होती. पकडलेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. बातम्यांनुसार तिथला पासवर्ड होता 'अ‍ॅडमिन१२३', म्हणजे खोक्यातून आला तसाच. ही पळवाट जुनीच आहे. २०१६ मध्ये 'मिराई' या व्हायरसने असेच साठ-एक तयार पासवर्ड लावून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या बड्या वेबसाइट बंद पाडल्या. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते, त्यांना पत्ताही नव्हता.

आपल्याकडे खरी गोची बसवणाऱ्यापाशी होते. तालुक्याच्या गावात दुकानदार येतो, वायर ओढतो, स्वतःच्याच मोबाइलवरून अकाउंट उघडतो आणि समितीच्या चार-पाच जणांना क्यूआर कोड देऊन जातो. पुढे समिती बदलते, पण जुन्या सदस्यांच्या फोनवर विहार दिसतच राहतो. वर्षावासात ग्रंथवाचनाला येणाऱ्या माता-भगिनी, अभ्यासिकेतल्या मुली, १ जानेवारीला भीमा कोरेगावला निघायची बैठक, हे सारे त्यात असते. कार्यकर्त्यांवर पाळत हा आपल्यासाठी कल्पनेतला विषय नाही. एल्गार परिषद प्रकरणातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली घुसवल्याचा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला होता.

९ एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्हींना सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे. पण भिंतीवरच्या जुन्या कॅमेऱ्यांचे काय? ते काम आपल्यालाच करावे लागेल आणि त्याला पैसे लागत नाहीत. अकाउंट समितीच्या नंबरवर घ्यावे. पासवर्ड लांब ठेवावा. त्यात 'जयभीम' आणि जयंतीची तारीख नको, कारण तो तर कोणीही ओळखेल. अ‍ॅपमध्ये किती फोन जोडलेले आहेत ते तपासून नको ते काढावेत, सॉफ्टवेअरचे अपडेट घ्यावे. विहाराचे वायफाय सगळ्यांना वापरायला देत असाल, तर कॅमेरा त्यावर ठेवू नका. बैठकीच्या खोलीत आणि कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा नकोच. दरवाजा, दानपेटी आणि पुतळा दिसला की पुरे.

दृश्ये बाहेर गेल्याचे कळले, तर रेकॉर्डर पुसू नका, पुरावा त्यातच असतो. १९३० वर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करा. संमतीशिवाय कोणाच्या खासगी अंगाचे चित्रण करणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस ठाण्यात नुसता अर्ज घेऊन परत पाठवू लागले, तर हे कलम नावानिशी सांगा.