झाडू सुटला, काम सुटले नाही

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, घर झाडणारे स्वयंचलित यंत्र, ज्याला बाजारात रोबो व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात, ते आता मुंबई-पुण्याच्या बंगल्यांपुरते राहिलेले नाही. घरपोच माल पाठवणाऱ्या कंपन्यांमुळे ते नांदेड आणि लातूरच्या घरांतही येऊ लागले आहे. कोणी लग्नात भेट म्हणून देतो, कोणाचा मुलगा आखाती देशातून येताना घेऊन येतो. ताटाएवढे गोल, चार बोटे उंच असे हे यंत्र घरभर फिरते, धूळ ओढते आणि काम संपले की आपोआप जाऊन चार्जिंगला लागते. काहीजण त्याला चैन म्हणून नावे ठेवतात, तर काहींना वाटते की आता घरातील झाडलोट कायमची मिटली. माझ्या मते दोघांचाही हिशोब कच्चा आहे. या यंत्राने काम संपत नाही, ते फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ते कोणाच्या हातात जाते, हे घरानेही पाहावे आणि बाजारानेही पाहावे.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने असे पहिले यंत्र २००१ मध्ये बाजारात आणले. त्याचे नाव ट्रायलोबाइट. दुसऱ्याच वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीने रूम्बा आणले आणि त्यानेच या धंद्याला जगभर नाव मिळवून दिले. आपल्या देशात १९८२ पासून दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकणारी युरेका फोर्ब्सही आता रोबो यंत्रे विकते. चिनी माल तर मुबलक आहे. साधे यंत्र पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळते, चांगले घ्यायचे तर चाळीस-पन्नास हजार आणि त्याहून जास्त. २०१८ च्या जुलैमध्ये व्हॅक्यूम क्लीनरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही गिऱ्हाइकाला फायदा झाला.

आपल्या घरात ते कसे चालते?

हे यंत्र ज्या घरांसाठी बनले, ती घरे टेबल-खुर्चीची आहेत. आपली बहुतेक घरे आजही जमिनीवर बसणारी आहेत. रात्री गाद्या पसरतात, सकाळी उचलतात. दस्तरखान जमिनीवर अंथरला जातो. दिवाणखान्यात सतरंजी असते, दाराशी दहा माणसांच्या चपला असतात. म्हणून आपल्याकडे यंत्राची वेळ ठरवावी लागते. फजरनंतर गाद्या उचलल्या, मुले शाळेत गेली, पुरुष मंडळी दुकानात गेली की साधारण दहा वाजता घर मोकळे होते. ती यंत्राची खरी वेळ. त्याआधी कोणीतरी सतरंजी गुंडाळावी लागते, मोबाइलच्या वायरी वर टाकाव्या लागतात, लटकणारी ओढणी आणि मुलांची खेळणी उचलावी लागतात. ही उचलाउचल पंधरा-वीस मिनिटांची आहे आणि ती बहुतेक घरांत भाभी किंवा अम्मीच करतात. ज्या घरात मुले आणि पुरुष स्वतःची चप्पल आणि वायर स्वतः उचलतात, तिथेच या यंत्राने बाईमाणसाचे कष्ट कमी होतात. बाकीच्या घरांत तिच्या हातातला झाडू जातो आणि पसारा आवरणे वाढते.

घराच्या बांधणीचाही विचार करावा लागतो. ही यंत्रे साधारण दोन सेंटीमीटर उंचीचा अडथळा चढतात. नांदेडच्या इतवारा भागातील किंवा उदगीर-औशाच्या जुन्या घरांचे दगडी उंबरठे त्याहून बरेच उंच असतात. म्हणजे प्रत्येक खोलीत यंत्र उचलून ठेवावे लागते. दुसरी गोष्ट काळ्या फरशीची. जिन्यावरून पडू नये म्हणून यंत्राच्या पोटाला प्रकाशावर चालणारे डोळे असतात. खालून प्रकाश परतला नाही की त्याला तिथे खड्डा वाटतो आणि ते मागे फिरते. काळ्या कडप्प्याच्या पट्टीवर किंवा काळ्या गालिच्यावर प्रकाश कमी परततो, म्हणून काही यंत्रे तिथे जातच नाहीत. शहाबादी फरशी त्याला चालते, पण तिच्या सांध्यांत बसलेली माती पूर्ण निघत नाही. आपली काळी माती आणि उन्हाळ्यातील उघड्या खिडक्या लक्षात घेता, यंत्राचा अर्ध्या लिटरचाही नसलेला कचऱ्याचा डबा रोज रिकामा करावा लागतो.

मग फायदा काय? फायदा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. तख्त आणि पलंगाखाली जिथे झाडू पोहोचत नाही, तिथे हे जाते. दस्तरखान उचलल्यावर पडलेले भाताचे शीत सुकले की ते आणि पोळीचा चुरा ते नीट उचलते. ज्या दादीचे गुडघे धरले आहेत, जिला वाकून केर काढता येत नाही आणि उकिडवे बसून फरशी पुसता येत नाही, तिच्यासाठी ही चैन नव्हे, गरज आहे. विजेचा खर्चही नगण्य आहे. साधारण यंत्राची बॅटरी एक युनिट विजेत दहाएक वेळा भरते. आणि पाण्याचे म्हणाल, तर लातूरच्या माणसाला पाण्याची किंमत सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. फरशी पुसायला एक-दोन बादल्या लागतात, या यंत्राच्या टाकीत पाव लिटरच्या आसपास पाणी मावते. मात्र पुसण्याचे कापड नंतर धुवावे लागते, त्याचे पाणी वेगळे. आणि लहान मुलाने फरशी ओली केली असेल तर यंत्राला तिकडे फिरकू देऊ नये, कारण ते ती नापाकी घरभर पसरवील. ती जागा हाताने, पाणी टाकूनच पाक करावी लागते. हे आपल्या घरच्या स्त्रियांना यंत्रापेक्षा चांगले कळते.

खर्चाचा हिशोब

आपण व्यापारी आहोत, म्हणून व्यापाऱ्यासारखा हिशोब करू. समजा यंत्र चोवीस हजारांचे घेतले आणि ते चार वर्षे चालले. म्हणजे महिन्याला पाचशे रुपये झाले. ब्रश, फिल्टर, पुसण्याची कापडे आणि मध्येच एकदा बॅटरी, यांचा वर्षाला छत्तीसशे खर्च धरला तर महिन्याला आणखी तीनशे. एकूण आठशे रुपये. दुरुस्ती यात धरलेली नाही. हा आकडा ज्याने त्याने आपल्या गल्लीतील झाडू-पोछाच्या दराशी ताडून पाहावा.

आता हाच हिशोब दुसऱ्या बाजूने पाहा. आपल्याकडे कामाला येणाऱ्या खाला किंवा मावशी भांडी, कपडे आणि झाडू-पोछा यांचे वेगवेगळे पैसे घेतात. यंत्र आले की पहिली काट त्यांच्या मजुरीला लागते. त्यांतील कित्येक विधवा आहेत, कित्येकींच्या घरी तेवढीच कमाई आहे. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण कायदा दर महिन्याचे पैसे हातात देत नाही, ते घरमालकच देतो. यंत्र घेण्याची ऐपत असलेल्या माणसाने त्या बाईची मजुरी तोडून यंत्राचे हप्ते फेडावेत, हे मला पटत नाही. काम बदलून द्यावे. पंखे, खिडक्या, जाळी, सतरंज्या झटकणे, यंत्राचा ब्रश आणि कापड धुणे, ही कामे यंत्र करीत नाही. पैसे तेच ठेवून काम हलके केले तर दोघांचेही भले आहे.

बाजारात काय करता येईल?

आता माझ्या धंद्याच्या नजरेने पाहतो. यंत्र विकण्यात आपल्याला फारसे काही मिळणार नाही. मोबाइलवर दर पाहून गिऱ्हाईक परस्पर मागवते आणि त्या दराशी लहान दुकानदार टिकू शकत नाही. पण यंत्राच्या मागून जे काम येते, ते गावातच करावे लागते. ते तीन प्रकारचे आहे.

पहिले, कापड. पुसणाऱ्या यंत्राला मायक्रोफायबरचे कापड लागते. पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या अतिशय बारीक तंतूंचे हे कापड असते आणि काही महिन्यांत ते झिजते. गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही की ते सुती टॉवेलबरोबर धुऊ नये, कारण सुताचा लव त्यात अडकतो. कपडे मऊ करणारे द्रव त्यात घालू नये, कारण तंतू बुजतात आणि पाणी शोषत नाहीत. इस्त्री तर मुळीच करू नये. ही माहिती कापडवाल्याने द्यायची, की यंत्र विकणाऱ्याने? सुरतेचा कृत्रिम कापडाचा बाजार आपल्याला नवा नाही. कापड तिथून आणावे, मापाप्रमाणे कापावे, कडा शिवाव्यात आणि मागे चिकटपट्टी लावावी. आपल्या गल्लीतील दर्जी अर्ध्या तासात हे करू शकतो. एक अट आहे. आपल्या मालावर कंपनीचे नाव टाकू नये आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की हा कंपनीचा माल नाही, आमच्या शिलाईचा आहे. खोट्या नावावर चाललेला धंदा दोन दिवसांचा असतो आणि त्यात बरकत नसते.

दुसरे, सतरंज्या आणि गालिचे. झालर असलेली सतरंजी यंत्राच्या ब्रशात गुंतते. जो व्यापारी दुमडलेल्या, शिवलेल्या कडांची सतरंजी ठेवील, त्याच्याकडे असे गिऱ्हाईक येईल. ज्यांच्या झालरी आहेत, त्यांच्या कडा दुमडून देणे हेही दर्जीचेच काम आहे.

तिसरे, दुरुस्ती. ज्या घरात शिलाई चालते, तिथे दोऱ्याचे तुकडे ब्रशाच्या दोन्ही टोकांना इतके आवळून बसतात की मोटर अडकते. घरमालकाला वाटते यंत्र बिघडले आणि तो ते पुण्याला किंवा हैदराबादला पाठवायला निघतो. काम कात्रीने दोरा कापण्याचे असते. ब्रश मोकळा करणे, फिल्टर झटकणे, डोळ्यांवरची धूळ सुक्या फडक्याने पुसणे, चाकातील केस काढणे, बॅटरी बदलणे, यांतील बहुतेक कामे मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा आपला तरुण आठवड्याभरात शिकेल. दोन गोष्टींची काळजी घ्यावी. वॉरंटीत असलेले यंत्र उघडू नये आणि जुनी लिथियम बॅटरी कचऱ्यात टाकू नये, तिला आग लागू शकते. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यावर कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती ठेवण्याची सोय आहे. आपल्या कारागिरांनी ती वाचावी, मराठी-उर्दूत समजून घ्यावी.

जे या धंद्यात नाहीत आणि फक्त यंत्र घेणार आहेत, त्यांनीही पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. दुरुस्ती केंद्र कोणत्या शहरात आहे? बॅटरी आणि ब्रश सुटे मिळतात का आणि केवढ्याला? मोबाइल आणि इंटरनेट बंद असताना बटन दाबून यंत्र चालते का? या तिन्हींची उत्तरे नीट मिळाली नाहीत, तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी महाग आहे.

नावाजलेल्या कंपनीचाही भरवसा धरता येत नाही. ज्या आयरोबोटने हा धंदा जगाला शिकवला, ती विकत घेण्याचा ॲमेझॉनचा सौदा २०२४ च्या जानेवारीत फिसकटला आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची मालकी कोणाकडे जाण्याचे ठरले? तिच्यासाठी यंत्रे बनवून देणाऱ्या चिनी कारखानदाराकडे. नाव अमेरिकेचे होते, हात चीनचे होते, आणि शेवटी दुकान हातवाल्याकडे गेले. कारागिरांनी यावर विचार करावा.

नांदेड कापसाचे गाव आहे. एनएचएच-४४ हे कापसाचे वाण याच गावच्या संशोधन केंद्रातून निघाले. निजामाच्या काळातील उस्मानशाही मिल याच गावात उभी राहिली आणि बंदही पडली. मिल बंद पडली तेव्हा पुढे काय करायचे, हे आधी कोणी शिकवून ठेवले नव्हते. नवे यंत्र गावात येते तेव्हा त्याच्याकडे तमाशा म्हणून पाहू नये. त्याला काय लागते, ते कुठे अडते, त्याचे काय झिजते, हे जो पाहील त्याला रोजी मिळेल. आपली दुकाने गंजगोलाईत असोत की वजिराबादेत, आपल्या मुलांना एक यंत्र उघडून दाखवा आणि त्यांना विचारा, यातले काय आपण बनवू शकतो? उत्तर एक कापडाचा तुकडा असला, तरी सुरुवातीला तेवढे पुरेसे आहे.