पावशाचं ऐकून पेरू नका

रोहिणी निघाल्या की आमच्याकडे दोनच आवाज. पानठेल्यावर बियाण्याच्या भावाची चर्चा आणि सांदवाडीतल्या कडुनिंबावर पावशा. "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" करत सूर चढवत नेतो, टोकाला गेला की गप्प होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. रात्रीसुद्धा. झोपमोड झालेले शेजारी म्हणतात, पाऊस आला म्हणून सांगतोय.

या बिचाऱ्याला आपण उगाच हवामान खात्यात नोकरीला लावलंय. पावशा इथलाच रहिवासी. उन्हं तापू लागली की त्याच्या विणीचे वेध सुरू होतात, ओरडतो तो मादीसाठी. त्याच्या भरवशावर सरकी टोबली की दुबार पेरणी आलीच. चातकाचं तसं नाही, तो मोसमी वाऱ्यांसोबत आफ्रिकेहून येतो. पण चातक आला म्हणजे ओल आली असं नव्हे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. यवतमाळच्या कोरडवाहू काळ्या जमिनीत तेच खरं.

पावशाकडे लक्ष द्यायचं ते वेगळ्याच कारणासाठी. पावशा आणि चातक, दोघंही अंडी घालतात सातभाईंच्या घरट्यात. अंडी निळी, सातभाईंच्या अंड्यांत मिसळून जाणारी. गेल्या पोळ्याच्या सुमारास आमच्या कुंपणावर पावशाचं पिल्लू बसलं होतं. छातीवर तपकिरी फराटे, शेपटीवर पट्टे, अंगानं सातभाईंच्या वरताण. तोंड वासून सारखं किंचाळत होतं आणि सगळा सातभाईंचा गोतावळा आळीपाळीनं त्याला अळ्या भरवत होता.

सातभाईंना घरट्यासाठी झाडझाडोरा लागतो. तो उरलाय धुऱ्यावर: बोर, बाभूळ, हिवर. आणि धुरेच आपण साफ करत सुटलोय. कुणी उन्हाळ्यात पेटवतो, कुणी पावसाळ्यात तणनाशक मारतो. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, तरी पंप पाठीवरून उतरत नाही. वन्यजीव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टिपेश्वरचा वाघ. धुऱ्याला अभयारण्य कोण म्हणणार?

धुऱ्यात रानडुकरं लपतात, ही तक्रार खोटी नाही. डुकरांनी आणि रोह्यांनी एका रात्रीत चणा लोळवलेला ज्यानं पाहिलाय, त्याला पक्ष्यांचं कौतुक सांगणं अवघडच. पण दोन हात रुंद धुऱ्यात कळप मावत नाही. तो दडतो नाल्याच्या दाट झुडपात, नाहीतर उभ्या तुरीत.

मृग तोंडावर आलाय. यंदा तणनाशकाचा पंप धुऱ्याकडे वळवण्याआधी बोरीच्या जाळीत एकदा डोकावा. सातभाई कलकलाट करत अंगावर आले, तर आत घरटं आहे असं समजा आणि तेवढी जाळी पोळ्यापर्यंत सोडून द्या.